फंकी ड्रमरच्या त्या वीस सेकंदांत असं काय आहे?

ऑक्टोपॅड_चिपळूण:

नमस्कार मंडळी, मी चिपळूणकडच्या एका बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतो. गणपती, शिमगा, हळदी, मधे मधे मिरवणुकीच्या ऑर्डरी, असं चालू असतं. आमच्या पार्टीचं एक गाणं रेकॉर्ड करायला मुंबईला स्टुडिओत गेलेलो, तर तिथे प्रोग्रामिंग करणाऱ्या दादाने आमच्या ढोलकीच्या खाली एक ड्रमचा लूप, म्हणजे परत परत फिरणारा तुकडा, सरकवला आणि गाणं जे काय पळायला लागलं ना, आम्ही सगळे एकमेकांकडे बघायलाच लागलो. विचारलं की दादा हा कुठला पॅच, तर म्हणे पॅच नाही रे, हा फंकी ड्रमर, अमेरिकन गायक जेम्स ब्राऊनचं गाणं, १९७० चं, अर्ध्या जगाने वापरलाय.

घरी येऊन अख्खं गाणं ऐकलं. सात मिनिटं जवळजवळ एकच चाल, ब्रास, सॅक्सोफोन, मधेच जेम्स ब्राऊन काहीतरी बोलतो, आणि साडेपाच मिनिटांच्या आसपास सगळे वादक थांबतात आणि एकटा ड्रम राहतो. मला वाटलं आता हा फोडणार. त्याने काहीच फोडलं नाही, जे वाजवत होता तेच वाजवत राहिला, रोल नाही, क्रॅश नाही, वीसेक सेकंद, संपलं. आणि तरी मी तेवढाच तुकडा परत परत लावून ऐकतोय, मोबाईलवर, गाडीत, सगळीकडे.

तर जाणकारांनी सांगा, हा वाजवणारा कोण, एवढासा तुकडा जगभर कसा काय पसरला, त्याला त्याचे पैसे मिळाले का, आणि मी तोच पॅटर्न पॅडवर वाजवतो तेव्हा सगळे ठोके जागेवर असूनही तो तसा का वाजत नाही. शेवटचा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे.

रत्नागिरी_तबकडी:

वा, फार चांगला विषय काढलास मित्रा. मी गेली कित्येक वर्षं जुन्या रेकॉर्ड जमवतो आणि या एका गाण्यावर मी तासभर बोलू शकतो, तेव्हा जरा लांब होईल, चहा घेऊन बस.

वाजवणाऱ्याचं नाव क्लाइड स्टबलफील्ड. जन्म १९४३, अमेरिकेत टेनेसी राज्यातलं चॅटनूगा गाव. शाळेत जाऊन ड्रम शिकला वगैरे काही नाही. गावात कारखाने होते, रेल्वे होती, त्या मशीनचा आणि गाड्यांचा जो ठराविक आवाज यायचा त्याच्यावर हा लहानपणी हातपाय चालवायचा, असं त्याने स्वतः मुलाखतींत सांगितलंय. १९६५ ला तो जेम्स ब्राऊनच्या बँडमध्ये आला. आता जेम्स ब्राऊन म्हणजे काय प्रकरण होतं ते समजून घे, वादकाचा सूर चुकला, बूट पॉलिश नसले तरी दंड लावायचा तो. आणि त्याच काळात तो गाण्यातला सगळा जोर पहिल्या ठोक्यावर आणून ठेवत होता, त्याला तो ‘द वन’ म्हणायचा. तोपर्यंतच्या सोल संगीतात जोर दोन आणि चारवर असायचा. ब्राऊनने सांगितलं, पहिल्या ठोक्यावर सगळ्यांनी एकत्र या, मधल्या जागेत काय करायचं ते करा. १९६७ चं ‘कोल्ड स्वेट’ ऐक, त्यावरही स्टबलफील्डच आहे, फंक म्हणजे काय ते तिथे पहिल्यांदा स्पष्ट ऐकू येतं असं मी तरी मानतो. गिटारसुद्धा तिथे सुरापेक्षा ठोक्यासारखी वाजते, बास पण तसाच, गळा पण तसाच.

फंकी ड्रमर रेकॉर्ड झालं २० नोव्हेंबर १९६९ ला, ओहायोमधल्या सिनसिनाटीत, किंग रेकॉर्ड्सच्या स्टुडिओत. किंगचं वैशिष्ट्य म्हणजे स्टुडिओ आणि रेकॉर्ड छापायचा कारखाना एकाच आवारात. गाणं आधीपासून लिहून आणलेलं नव्हतं, बँडने एक चाल धरली आणि ब्राऊन त्यावर बोलत गेला, ऑर्गन वाजवत गेला, मेसिओ पार्करचा टेनर सॅक्सोफोन वर फिरत राहिला. आणि मग तू म्हणतोस तो क्षण. ब्राऊन बाकीच्यांना सांगतो की आता ड्रमरला जरा जागा द्या, आणि ड्रमरला सांगतो, भावा, सोलो वगैरे करू नकोस, जे धरलंयस तेच धरून ठेव, सोडू नकोस. मग तो मोजतो, एक दोन तीन चार, बँड गप्प, आणि आठ बार, म्हणजे आठ आवर्तनं, फक्त स्टबलफील्ड. तू म्हणालास ना की तो फोडणार असं वाटलं, तर त्याला फोडायचं नाही असं सांगितलेलं होतं आणि त्याने ते ऐकलं. माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे. सोलो केला असता तर तो एक चांगला सोलो म्हणून राहिला असता, पण नुसता ठेका मोकळा झाला म्हणून पुढे लोकांना तो उचलता आला.

बँड परत आत येतो तेव्हा ब्राऊन जाहीर करतो की या गाण्याचं नाव फंकी ड्रमर, आणि ते दोन-तीनदा म्हणतो. म्हणजे नाव तिथल्या तिथे ठरलं, वाजवणाऱ्याकडे बघून ठरलं. पण तबकडीवर रचनाकार म्हणून नाव आलं ते एकट्या जेम्स ब्राऊनचं. मार्च १९७० ला हे दोन बाजूंवर तोडून सिंगल म्हणून निघालं, आर अँड बीच्या यादीत विसाव्या नंबरपर्यंत गेलं, पॉपच्या यादीत ५१. म्हणजे चाललं, पण ब्राऊनच्या हिशोबाने काही फार मोठं नाही. गाजलं ते नंतर. (त्याच मार्चमध्ये ब्राऊनच्या बऱ्याच वादकांनी पैशांवरून भांडून काम सोडलं, हेही लक्षात ठेव, पुढे पैशांचा विषय निघेलच.)

नंतर काय झालं ते असं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ऑगस्ट १९७३ पासून डीजे कूल हर्क पार्ट्यांमध्ये एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावून फक्त ड्रमचा तुकडा लांबवायचा, कारण पोरं त्या तुकड्यावरच नाचायला पुढे यायची. ब्राऊनचीच ‘गिव्ह इट अप ऑर टर्न इट अ लूज’ त्याच्या आवडत्या रेकॉर्डपैकी. म्हणजे ड्रमचे उघडे तुकडे शोधायची सवय तिथून लागली. फंकी ड्रमर मात्र तेव्हा जुन्या सिंगलवरच होतं, कुठल्याही अल्बमवर नव्हतं. १९८६ ला ‘इन द जंगल ग्रूव्ह’ नावाचा संग्रह निघाला, त्यात हे पहिल्यांदा अख्खं लांब आलं, शिवाय फक्त त्या ठेक्याचा जोडून केलेला तीनेक मिनिटांचा वेगळा ट्रॅकही दिला. आणि पुढच्याच वर्षी १९८७ ला ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० नावाचं सॅम्पलर, म्हणजे रेकॉर्डवरचा आवाज उचलून परत वाजवणारं मशीन आलं, एकूण दहा सेकंदांचाच आवाज मावायचा त्यात, बारा बिटचा, जरा खरबरीत. आता विचार कर, दहा सेकंद जागा आहे आणि स्वच्छ उघडा ठेका पाहिजे, तर लोक कुठे जाणार. रेकॉर्ड जोरात फिरवून आत घ्यायचे आणि मशीनमध्ये हळू करायचे म्हणजे जास्त मावायचं, त्याने आवाजाला आणखी धार आली.

पब्लिक एनिमी या रॅप ग्रुपने तर या ठेक्यावर घर बांधलं, ‘रिबेल विदाउट अ पॉज’, ‘ब्रिंग द नॉइज’, आणि १९८९ च्या ‘फाइट द पॉवर’मध्ये तर अगदी सुरुवातीच्या ओळींतच फंकी ड्रमरचं नाव घेतलंय. एरिक बी आणि राकिमचं ‘लिरिक्स ऑफ फ्युरी’, एलएल कूल जेचं ‘मामा सेड नॉक यू आउट’. रॅपच्या बाहेरही गेलं, आयर्लंडच्या शनेड ओकॉनरने १९९० ला एक जुनं आयरिश शोकगीत याच ठेक्यावर गायलं, आणि त्याच वर्षी जॉर्ज मायकलनेही वापरला. सगळी मिळून हजारापेक्षा जास्त गाणी आहेत. शोकगीत ऐकच, बाई एकटी गातेय आणि खाली हा ठेका, ते ऐकून मला पहिल्यांदा कळलं की याच्यात नाचण्याशिवाय पण काहीतरी आहे.

पखवाज_कुडाळ:

वरच्या काकांनी इतिहास इतका छान मांडलाय की मी त्याला हात लावत नाही. मी तुझ्या शेवटच्या प्रश्नावर येतो, कारण मी भजनात पखवाज वाजवतो आणि ड्रमकिट पण थोडंफार वाजवतो.

तू म्हणतोस सगळे ठोके जागेवर आहेत. ठोके जागेवर असतील, वजन जागेवर नाहीये. त्या ठेक्याचा एक बार घे आणि त्याची सोळा घरं कर. हाय-हॅट (झांजांची जोडी) सोळाही घरांत चालू आहे, एखाद्या ठिकाणी किंचित उघडतो आणि लगेच बंद होतो. स्नेअरचा (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचा) जोरदार ठोका पाचव्या आणि तेराव्या घरात. आता त्रितालाच्या टाळ्या आठव, पहिली, पाचवी, तेरावी. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पहिल्या घरात पडते म्हणजे सम पण आली. आणि नवव्याला, आपल्या खालीच्या जागी, किक पडत नाही, तिथे तो जागा मोकळी सोडतो आणि मग जरा पुढे जाऊन परत येतो. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा बघतच राहिलो. त्याने कुठे त्रिताल ऐकला असेल असं मी म्हणत नाही, सोळा घरांत जोर कुठे द्यायचा आणि कुठे सोडायचा याची अक्कल माणसाच्या हातात कुठेही येऊ शकते एवढंच मी त्यातून घेतलं.

पण खरी गोष्ट आहे स्नेअरचे बारके ठोके. पाच आणि तेराच्या मधे तो डाव्या हाताने स्नेअरवर इतके हलके ठोके टाकतो की नीट हेडफोन लावल्याशिवाय कळत नाही. ड्रमवाले त्यांना घोस्ट नोट म्हणतात. काठी जेमतेम इंचभर वर जाते आणि पडते. मोठा ठोका आणि बारका ठोका यांच्यात जो फरक आहे ना, त्या फरकामुळे ठेका चालतो. तू ऑक्टोपॅडवर मिरवणुकीच्या सवयीने वाजवतोयस, तिथे समोर पाचशे माणसं, स्पीकरच्या भिंती, सगळे ठोके सारख्याच जोराने मारायची सवय हाताला लागलेली असते. मग बारके ठोके पण मोठे होतात आणि ठेका भरून जातो, श्वास घ्यायला जागा उरत नाही.

करून बघ. आधी पॅडचं सेटिंग उघड आणि वेलोसिटी, म्हणजे ठोक्याचा जोर, फिक्स ठेवली असशील तर काढून टाक, मिरवणुकीसाठी बरेच जण फिक्स करून ठेवतात. सेन्सिटिव्हिटी थोडी वाढव म्हणजे हलका ठोका पकडला जाईल. मग फक्त हाय-हॅट आणि मोठे दोन स्नेअर, दुसरं काही नाही, शंभरच्या आसपास टेम्पो, दहा मिनिटं सलग. किक लाव. ते अंगात बसलं की मग डाव्या हाताचे बारके ठोके, आणि ते टाकताना मोठ्या ठोक्याचा जोर बदलला नाही पाहिजे. इथेच सगळे अडकतात. मोठा ठोका मारून लगेच पुढचा ठोका अगदी हलका मारणं हे मनगटाचं काम आहे, पखवाजावर पण थापेनंतर लगेच हलकी बोटं आणायला आम्हाला गुरुजींनी महिनोन्‌महिने घासायला लावलं होतं.

आणि एक, क्वांटाइझ करू नकोस. मशीनने सगळं रेषेवर आणलं की तो माणूसच निघून जातो त्याच्यातून. मूळ रेकॉर्डिंगवर क्लिक, म्हणजे मशीनची टिकटिक, वगैरे नाही, माणसं एकमेकांना ऐकून वाजवतायत.

ऑक्टोपॅड_चिपळूण:

बापरे, दादा वेलोसिटी खरंच फिक्स होती! आत्ताच बदलून बघितलं, फरक लगेच जाणवतोय, हात मात्र अजून ऐकत नाही. त्रितालाचं डोक्यात कधी आलं नव्हतं, आता ते ऐकल्यापासून दुसरं काही ऐकूच येत नाही. काका, तुमचा पण खूप आभारी आहे, शनेडचं गाणं ऐकलं, अंगावर काटा आला. आता पैशांचं कोणीतरी सांगा. आणि आम्ही आमच्या यूट्यूबच्या गाण्यात तो लूप ठेवला तर चालेल का, हे पण.

देवगड_वकील:

पैशांचं मी सांगतो, कायदा माझ्या कामाचा भाग आहे आणि संगीत माझ्या आवडीचा, पण हा सल्ला म्हणून नको घेऊ, समजून घेण्यासाठी घे.

सॅम्पलिंगमधून स्टबलफील्डला जवळजवळ काही मिळालं नाही. त्याचं कारण असं की एका रेकॉर्डिंगमध्ये दोन वेगवेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरा त्या ध्वनिमुद्रणाचा. रचनेवर नाव जेम्स ब्राऊनचं, ध्वनिमुद्रण कंपनीचं. बसून ड्रम वाजवणारा माणूस हा पगारी वादक, त्याने त्या दिवसाचे पैसे घेतले की कायद्याच्या हिशोबाने त्याचा संबंध संपला. चाल लिहिता येते, शब्द लिहिता येतात, म्हणून कायद्याला ते दिसतात. पण पखवाज_कुडाळ यांनी वर जे बारक्या ठोक्यांचं वजन सांगितलं ते कायद्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. आणि लोकांनी उचललं काय, तर तेच उचललं! ब्राऊनचा आवाज नाही, चाल नाही, शब्द नाहीत, फक्त या माणसाचे हात. मला हे फार लागतं. ब्राऊनने बँड घडवला, त्याच्याशिवाय हे झालं नसतं हे मी पूर्ण मान्य करतो, पण त्या आठ बारमध्ये ब्राऊन गप्प आहे आणि तरी पैसे त्याच्या बाजूला गेले.

सुरुवातीला तर कोणालाच काही मिळत नव्हतं, लोक सरळ उचलायचे. १९९१ ला न्यूयॉर्कच्या कोर्टात बिझ मार्की नावाच्या रॅपरच्या विरोधात निकाल लागला, तेव्हापासून कंपन्या आधी परवानगी घ्यायला लागल्या, पैसे द्यायला लागल्या. पण परवानगी कोणाची, तर रचनाकाराची आणि कंपनीची. म्हणजे शिस्त आली तरी ड्रमर बाहेरच राहिला. त्यात आणखी एक गुंता, अमेरिकेत १५ फेब्रुवारी १९७२ च्या आधीच्या ध्वनिमुद्रणांना केंद्राच्या कायद्याचं संरक्षणच नव्हतं, राज्याराज्यांच्या कायद्यांवर चालायचं, ते २०१८ च्या नव्या कायद्याने जरा सरळ झालं. तोपर्यंत स्टबलफील्ड गेला होता, फेब्रुवारी २०१७ ला, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावात. १९७१ पासून तो तिथेच राहायचा, वर्षानुवर्षं दर सोमवारी तिथल्या क्लबमध्ये वाजवायचा. शेवटी किडनीचा आजार, आरोग्य विमा नाही. २००० च्या सुमारास त्याला कॅन्सर झाला तेव्हा दवाखान्याचं जवळपास ९० हजार डॉलरचं बिल प्रिन्स या प्रसिद्ध गायकाने भरलं होतं, आणि तेही गुपचूप, प्रिन्स गेल्यावर २०१६ ला स्टबलफील्डने ते लोकांना सांगितलं. तो गेल्यावर तिथल्या विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली. तो स्वतः मुलाखतींत म्हणायचा की पैशांपेक्षा मला नाव द्यायला पाहिजे होतं, रेकॉर्डवर माझं नाव छापा.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने वादक-गायकांचे हक्क नीट आले आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्यांना व्यावसायिक वापरातून रॉयल्टीचा हक्कही मिळाला. कागदावर तरी आपण पुढे आहोत.

तुझ्या यूट्यूबबद्दल. मूळ रेकॉर्डिंगमधला आवाज उचलून टाकशील तर परवानगी लागते, आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, म्हणजे १९७० च्या गाण्याचा अजून चालू आहे, आणि यूट्यूबची मशीन असे तुकडे ओळखते पण. तोच ठेका तू स्वतःच्या हाताने वाजवून रेकॉर्ड केलास तर ध्वनिमुद्रणाचा प्रश्न येत नाही. स्टुडिओवाल्याने कुठल्या लायब्ररीतून घेतला असेल तर त्याच्याकडून लायसन्सचा कागद माग, तोंडी सांगण्यावर राहू नकोस.

डोंबिवली_टू_दापोली:

सगळं बरोबर पण एक सांगतो, सगळ्यात जास्त वापरलेला तुकडा हा नाहीये. विन्स्टन्स बँडचं १९६९ चं ‘आमेन, ब्रदर’ घ्या, ग्रेगरी कोलमनने वाजवलेले सहा-सात सेकंद, त्याच्यावर इंग्लंडमधलं ‘जंगल’ आणि ‘ड्रम अँड बास’ नावाचं अख्खं नाचाचं संगीत उभं राहिलं, हजारो गाणी आहेत. आणि कोलमनला तर नाव पण मिळालं नाही आणि पैसे पण नाहीत, २००६ ला बिचारा बेघर अवस्थेत गेला. त्यांचा म्होरक्या रिचर्ड स्पेन्सर, त्याच्यासाठी २०१५ ला इंग्लंडच्या लोकांनी ऑनलाइन वर्गणी काढली, २४ हजार पौंड जमले. मग फंकी ड्रमरचंच एवढं का?

रत्नागिरी_तबकडी:

आकड्यांत आमेन पुढे आहे, वादच नाही. पण दोघांचं काम वेगळं झालं. आमेन तुकडा लोकांनी कापला, उलटा केला, दुप्पट वेगाने पळवला, त्याचं मटेरियल केलं, मूळ माणूस त्यात विरघळून गेला. फंकी ड्रमर बहुतेकांनी जवळजवळ आहे तसा ठेवला आणि वर बोलले. म्हणून त्या काळातलं रॅप ऐकताना तुला स्टबलफील्डची चाल ओळखू येते, कुठलाही गायक असू दे. १९८७ ते ९१ या चार-पाच वर्षांत लोक ज्या वेगात बोलले, जिथे थांबले, जिथे श्वास घेतला, ते या ठेक्याने ठरवलं असं मला मनापासून वाटतं, कारण नवव्या घरात ती जी मोकळी जागा आहे तिथेच तर शब्द पडतात. पब्लिक एनिमीच्या चक डीचं कुठलंही गाणं लावून हे तपासून बघ.

आणि ज्यांनी सॅम्पल नाही केलं त्यांनी पण हात तसा वळवला. आज कुठल्याही ड्रम शिकवणाऱ्याकडे जा, दोन-तीन वर्षं झाली की तो हा ठेका काढून समोर ठेवतोच.

वेंगुर्लेकार:

माका एक सांगूचा आसा. देवगडकरांनी नावाचो विषय काढल्यानी तो माझ्या डोक्यातसून जाणा नाय. आमच्या हय डबलबारीचो, म्हंजे दोन भजनी बुवांच्या सामन्याचो, बॅनर लागता तेव्हा बुवाचा नाव मोठा असता, फोटो असता, पण खाली पखवाज कोण, तबलो कोण, झांज कोण, ह्यो सगळी नावां छापतत. लोक पखवाजी बघून पण बारी ऐकूक येतत. गावच्या मंडळाक जा कळता ता येवढ्या मोठ्या कंपन्यांक कळूक नाय.

आता मराठीत लिहितो, नाहीतर बाकीच्यांना त्रास होईल. आपल्या किनाऱ्यावरच्याच माणसांचं उदाहरण घ्या. गोव्याचे वादक मुंबईला गेले आणि हिंदी सिनेमाचा अख्खा ऑर्केस्ट्रा त्यांनी उभा केला. चिक चॉकलेट म्हणजे ट्रम्पेटवाला, सी. रामचंद्रांबरोबर १९५१ च्या अलबेलामध्ये होता. सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशनसाठी व्हायोलिनची पानंच्या पानं लिहायचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, प्यारेलालजींचे गुरू. अरेंजमेंट यांची, आणि पडद्यावर नाव आलंच तर असिस्टंट म्हणून. चाल करणाऱ्याचं नाव संगीतकार म्हणून मोठं आणि ती चाल ज्या अंगाने वाजते ते अंग देणारा बारीक अक्षरात. सगळ्यांना काही प्यारेलालजींसारखा शिष्य मिळत नाही, की जो गुरूच्या नावावर गाणंच करून टाकेल.

उलट्या बाजूचं पण सांगतो. बप्पी लाहिरींचं ‘थोडा रेशम लगता है’ अमेरिकेत २००२ ला ट्रूथ हर्ट्सच्या ‘अॅडिक्टिव्ह’ या गाण्यात न विचारता वापरलं, तेव्हा इकडून केस झाली आणि तिकडच्या कोर्टाने सांगितलं की बप्पीदांचं नाव छापल्याशिवाय सीडी विकायची नाही. नाव छापा! पैशांच्या आधी नाव. स्टबलफील्ड तेच तर मागत होता. पण त्या केसमध्ये पण बघा, नाव संगीतकाराचं आलं, ‘थोडा रेशम’वर ढोलक-तबला कोणी वाजवला ते आजही कोण सांगत नाही.

ऑक्टोपॅड_चिपळूण:

हे वाचून फार विचारात पडलो. आमच्या पार्टीचा व्हिडिओ टाकतो तेव्हा गायकाचं आणि पार्टीचं नाव असतं, बेंजोवाल्याचं असतं, ढोलकीवाल्या आमच्या काकांचं कधीच नसतं, आणि गेली पंधराएक वर्षं पार्टी त्यांच्या हातावर चाललीय. आज रात्री जुन्या सगळ्या व्हिडिओंची डिस्क्रिप्शन बदलायला बसतोय. आणि स्टुडिओतल्या दादाला फोन केला, लूप काढून टाकतोय, मी स्वतः वाजवणार, त्यासाठी पंधरा दिवस मागून घेतलेत.

आता मला ऐकायला आणखी काय काय सांगता? घोस्ट नोट कानाला नीट ऐकू येतील असं.

पखवाज_कुडाळ:

पंधरा दिवसांत होईल, रोज बसलास तर. ऐकायचं असेल तर आधी ‘कोल्ड स्वेट’, मग ‘आय गॉट द फीलिन’, मग ‘मदर पॉपकॉर्न’, तिन्हीवर स्टबलफील्ड. फोनच्या स्पीकरवर ऐकू नकोस, बारके ठोके त्यात मरतात. मग त्याच बँडमधला दुसरा ड्रमर जॉन जाबो स्टार्क्स घे, ‘सेक्स मशीन’, ‘सुपर बॅड’, १९७३ चं ‘द पेबॅक’. दोघं एकाच बँडमध्ये आलटून पालटून वाजवायचे आणि दोघांचा हात पूर्ण वेगळा. जाबोचा सरळ, मोजका, त्याच्यात जागा जास्त. क्लाइडचा डावा हात सतत खाली काहीतरी विणत असतो.

पहिले दोन-तीन दिवस पॅडला हातच लावू नकोस. मांडीवर वाजव, उजव्या हाताने सोळा, डाव्याने पाच आणि तेरा मोठे, बाकीचे बारके. मांडीवर बारका ठोका आणि मोठा ठोका यातला फरक लगेच कळतो, मोठा लागतो! झालं की रेकॉर्ड करून इथे टाक, मी ऐकून सांगतो कुठे भरलंय ते.